मी बुजवलेलं आकाश

बातमी मुजीबने दिली. कॉलेजच्या ग्रंथालयात मी नव्या पुस्तकांवर शिक्के मारत बसलो होतो.  फोनवर तो म्हणाला, "सर... संघाभाऊ गेले." मी त्यावर काय बोललो ते आठवत नाही. त्याचं पुढचं वाक्य मात्र आठवतं. "भाऊंकडची चावी सापडंना, गोदामाची दुसरी चावी तुमच्यापशी हाय. सतरंज्या तिथंच हायत. लोकं येयलेत, बसायला काई न्हाई." त्यामुळे पूर्णेहून ताडकळसला पोचल्यावर मी आधी माझ्या मित्राच्या घरी गेलोच नाही, गोदामावर गेलो. कुलूप काढलं, दार लोटलं, आत शिरलो, आणि वाऱ्याने दार मागे लागलं. बाहेर दिवाळीनंतरचं लख्ख ऊन, ऐन दुपार, आणि आत डोळ्यात बोट घातलं तरी दिसू नये असा काळोख. मोबाइलच्या उजेडात सतरंज्या शोधल्या. तो काळोख माझ्याच हातचा होता. तेव्हा मला त्यात वावगं काही वाटलं नाही. उलट, इतक्या पावसाळ्यानंतरही सतरंज्या कोरड्या आहेत हे पाहून त्या क्षणीही थोडं बरंच वाटलं... आज दीड-दोन महिन्यांनी हे लिहिताना त्या बरं वाटण्याचीच सगळ्यात जास्त लाज वाटते.

संघपालला ताडकळस आणि आसपासची गावं 'साउंडवाला संघा' म्हणून ओळखत. लग्न असो, जयंती असो, कीर्तन असो, त्याचे स्पीकर टेम्पोतून उतरले की पोरं धावत यायची. पण गेली तीन वर्षं, हंगाम संपला की तो आणि त्याचे दोन साथीदार बंद गोदामात बसून आणखी एक गोष्ट करत होते, आणि तिची कल्पना फार थोड्यांना होती. ते एक अल्बम करत होते. रॉक संगीताचा, तेही अशा जातीचा की ज्यात गाणं नाही, शब्द नाही, मुखडा-अंतरा नाही. विषय म्हणजे ग्रह, तारे, त्यांच्या मधली पोकळी, त्या पोकळीतून फिरणारी धूळ. संघा इलेक्ट्रिक गिटार वाजवायचा. मुजीब बँडवाल्यांच्या घरातला, तो ताशावर. ज्ञानोबा एरवी ऑर्केस्ट्रात की-बोर्डवर असतो, इथे तो संघाच्या वडिलांची जुनी पेटी वाजवायचा. त्या पेटीवर एके काळी गावोगाव भीमगीतं झाली होती. तिचा आवाज गिटारच्या यंत्रांतून असा काही फिरवून काढलेला असायचा की ती पेटी आहे हे तिच्या भात्यालाही ओळखू येऊ नये. अल्बमचं नाव संघानं ठेवलं होतं 'दुपारचं आकाश'.

हे नाव कुठून आलं ते सांगायचं तर आमच्या आठवीपर्यंत मागे जावं लागेल. माझ्या वडिलांची, अण्णांची, ताडकळसला आडत होती आणि संघाचे वडील किसनमामा आमच्याकडे मापाडी होते. त्या वर्षी दिवाळीच्या दिवसांत सकाळचं सूर्यग्रहण लागलं. आमच्या घरात ग्रहणात पाण्याचा घोटसुद्धा चालत नसे, बाहेर पडणं तर लांबच. किसनमामांच्या घरी असलं काही पाळत नसत. संघा मला बोलवायला आला. आम्ही आडतीच्या मागच्या बोळातून निसटणार तेवढ्यात अण्णांनी दोघांचीही बखोटी धरली, गोदामात ढकललं आणि बाहेरून कडी घातली. "सुटेपर्यंत हितंच बसा, दोघं बी."

संघा आतून दारावर धडका देत ओरडला, "काका, मला कामून कोंडलं? आमच्या घरी न्हाई पाळत!"

"तुमच्या घरी नका पाळू," बाहेरून अण्णा शांतपणे म्हणाले. "ह्ये गोदाम माझं हाय."

त्या गोदामाचे पत्रे अण्णांनी कुठल्याशा मोडलेल्या कापसाच्या जिनिंगमधून आणलेले होते. आधीच्या खिळ्यांची भोकं त्यांत तशीच राहिलेली. एरवी त्यांतून गोल गोल कवडसे पडायचे आणि आम्ही त्यांच्याकडे कधी बघितलंही नव्हतं. त्या दिवशी रुसून पोत्यांवर बसलेला संघा एकाएकी गप्प झाला. समोरच्या भिंतीवर, धान्याच्या थप्पीवर, खालच्या शहाबादी फरशीवर पडलेले सगळे कवडसे एका बाजूने कुरतडल्यासारखे झाले होते. बघता बघता त्यांच्या चंद्रासारख्या कोरी झाल्या. शेकडो कोरी, सगळ्या एकाच बाजूला तोंड केलेल्या. बाहेर गावभर लोक दारं लावून बसलेले, आणि आत आमच्या भोवती ग्रहण लागलेले शेकडो सूर्य. संघा उठला, एका कोरीखाली हात धरला आणि तळहात न हलवता, सांडू नये अशा बेताने, माझ्याकडे वळला. "सुध्या, ह्ये बग. सूर्य हाय ह्यो. माझ्या हातात हाय."

मी पुस्तकं वाचणारा पोरगा. मी शाळेतल्या कपाटातून शोधून काढलं की बारीक भोकातून पडणारा उजेड हे भोकाचं रूप नसतं, सूर्याचं चित्र असतं, म्हणून भोक कसंही असलं तरी कवडसा गोलच. संघाने ते ऐकलं आणि पुठ्ठ्याला चौकोनी, तिकोनी, वेडीवाकडी भोकं पाडून उन्हात धरून बघितली. "खरंच की रे. गोलच हाय." मी वाचायचं आणि त्यानं करून बघायचं, अशी आमची वाटणी तेव्हापासूनची. पुढे मी परभणीला शिकायला गेलो, ग्रंथपाल झालो, पूर्णेला नोकरी लागली. तो ताडकळसलाच राहिला. आधी एका ऑर्केस्ट्रासोबत तारा ओढत, पेट्या उचलत फिरला, तिथेच गिटार शिकला, मग स्वतःचं साउंड घेतलं. अण्णा गेले, आडत बंद झाली, गोदाम रिकामं पडलं. महिन्या-दोन महिन्यांनी आमची भेट व्हायची. तो बोलायचा, मी ऐकायचो. निदान तसं मला वाटायचं.

तीन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात तो ग्रंथालयात आला. वाचनकक्षात शांतता राखा अशी पाटी आहे, तिच्याखालीच उभा राहून नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाला, "सुध्या, गोदामाची चावी दे."

"कशाला?"

"आकाश लागतंय."

मुलं हसली. मीही हसलो, दोनांतली एक चावी दिली. आता वाटतं, तेव्हा हातातलं काम ठेवून त्याच्याबरोबर गाडीवर बसून जायला हवं होतं. अर्ध्या तासाचा तर रस्ता.

ते तिघं तिथे कसं काम करायचे हे मला तो असताना माहीत नव्हतं. आता मुजीबने सांगितलं आहे, आणि ते आधीच सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. फरशी झाडून काढलेली. दार बंद. वरून कवडसे. संघा त्यांतला एक कवडसा निवडायचा आणि तो फरशीच्या एका रेघेला टेकला की वाजवायला सुरुवात. कवडसा सरकत सरकत पलीकडच्या रेघेला पोचला की थांबायचं. घड्याळ नाही, मात्रा मोजणं नाही. त्यामुळे त्यांच्याकडे रचना फरशीत मोजल्या जायच्या. ही एका फरशीची, ती दीड फरशीची. 'धुरळा' नावाची एक आहे, ती दोन फरशांची. पृथ्वी फिरते म्हणून कवडसा सरकतो, म्हणजे आपल्याला ताल कोण देतंय ते बग, असं तो मुजीबला म्हणायचा. आणि एक नियम होता. मध्येच ढग आला आणि कवडसा विझला, तर जो हातात असेल तो एकच स्वर तिघांनी धरायचा आणि उजेड परत येईपर्यंत सोडायचा नाही. पेटीचा भाता चालू ठेवायचा, ताशावर नुसती बोटं फिरवायची, आणि संघा गिटार घेऊन स्पीकरच्या तोंडाशी उभा राहायचा. तसं उभं राहिलं की तार न छेडता गुणगुणत राहते, पण माणसाला जागचं हलता येत नाही. कवडसा परत दिसला की पुन्हा पुढे.

गावाने या प्रकाराला नावं ठेवली नाहीत असं नाही. बाजाराच्या दिवशी दाराशी माणसं जमायची. एकदा एकाने आत डोकावून विचारलं, "संघा, ह्ये लग्नात वाजवनार हायस का? नवरी पळून जाईल की."

"जाऊ दे की," संघा म्हणाला. "ती तरी तिच्या मर्जीनं जाईल."

पण त्याच माणसाला पुढच्या बाजारी त्याने हात धरून आत नेलं. एखादी रचना पुरी झाली की तो भर दुपारी कुणाला तरी एकट्यालाच गोदामात सतरंजीवर बसवायचा, दार लावायचा आणि ती रचना वाजवायचा. ऐकणाऱ्याने काही करायचं नाही, फरशीवरचे कवडसे बघत बसायचं. असे गावातले कितीतरी जण तिथे बसून आले. शिंपी बसला, एसटीचा कंडक्टर बसला, सरपंचांच्या म्हाताऱ्या आई बसल्या. त्या बाहेर येऊन म्हणाल्या म्हणे, "काई कळलं न्हाई बाबा, पन उठू वाटंना." संघाला हे फार आवडलं होतं, मला फोन करून सांगितलं होतं. आणि प्रत्येक वेळी शेवटी, "तू कधी येयलास?"

मी गेलो नाही. एकदा पुस्तकांची मोजणी होती, एकदा तपासणी समिती येणार होती, एकदा ऊन फार होतं. ही कारणं खोटी नव्हती, पण खरं कारण वेगळंच होतं. मला तो गोंगाट असेल असं वाटत होतं. मी बसेन, मला आवडणार नाही, आणि तो माझ्या तोंडाकडे बघत असेल... ते मला नको होतं. इतरांनी काहीही म्हटलं तरी चाललं असतं, मी शिकलेला मित्र, माझ्या मताला तो किंमत देणार. म्हणून मत द्यायची वेळच येऊ द्यायची नाही, असं माझं चाललं होतं. त्याने फोनवर पाठवलेली एक रचना मी परभणीला जाताना एसटीत कानाला लावली. तीन-चार मिनिटं नुसती गुणगुण, एकच स्वर. बंद करून टाकली. संध्याकाळी त्याला कळवलं, चांगली आहे, जरा लांबली आहे इतकंच. त्याचा लगेच फोन आला, खो खो हसत. "आरं ढगच मोठा होता त्या दिशी!" मला वाटलं, त्याची काहीतरी नेहमीची चेष्टा. मीही हसलो.

यंदा फेब्रुवारीत त्याचं दुखणं कळलं. रक्ताचं होतं. नांदेडच्या फेऱ्या सुरू झाल्या आणि मेपासून तर तो तिथे दवाखान्यातच होता. पाच रचना झाल्या होत्या, सहावी, शेवटची राहिली होती. तिचं नाव 'परत' होतं. कवडसा अख्ख्या गोदामाची लांबी ओलांडेपर्यंत ती वाजवायची, सकाळपासून तिसऱ्या प्रहरापर्यंत, असा त्याचा बेत. दवाखान्यात मी भेटायला गेलो की तो तिच्याबद्दलच बोलायचा आणि मी त्याच्या सलाइनकडे बघत असायचो. एकदा वनितावहिनी, त्याची बायको, बाहेरच्या बाकावर मला म्हणाल्या, "भाऊजी, पावसाळा आला. ती यंत्रं समदी गोदामात पडल्यात. ह्यांचा जीव तिथंच हाय." त्यांना एवढंच सुचवायचं असेल की वरून प्लास्टिक टाका. पण माझ्या मनाने घेतलं, आपण या माणसासाठी इतक्या दिवसांत काही केलं नाही, निदान एवढं तरी नीट करू.

मी एक पत्रेवाला बोलावला. तो डांबराचा डबा आणि चिंध्या घेऊन वर चढला. वरून उन्हात भोकं दिसत नव्हती, म्हणून मी खाली गोदामात दार लावून उभा राहिलो आणि कवडसा बघून बघून त्याला हाका मारत राहिलो. "इकडे, भिंतीकडे... नाही, थोडं अलीकडे... हां, बुजलं!" एक बुजलं की दुसरं. भर दुपारी मी त्या गोदामात पहिल्यांदाच इतका वेळ उभा होतो. संघाला मी तिथे बसायला हवा होतो तो नेमका तोच प्रहर. फरशीवर केवढे तरी कवडसे होते, आणि मी त्यांच्यातून चालत जाऊन एकेकाकडे बोट दाखवत होतो. ग्रहणाची सकाळ मला आठवलीसुद्धा. गंमत वाटली, अण्णांची आठवण आली, आणि तरी मी थांबलो नाही. शेवटी वरून आवाज आला, "आता, सर?" मी चहूकडे बघितलं. "आता काहीच दिसत नाही," मी म्हणालो. मला फार समाधान वाटलं.

मुजीब तेव्हा बँडबरोबर तेलंगणात होता. नाहीतर त्याने मला अडवलं असतं.

ऑगस्टमध्ये संघाला घरी आणलं. चार पावलं चालता यायला लागल्यावर त्याला गाडीवर मागे बसवून मीच गोदामावर नेलं. त्याचं वजन मागे जाणवतच नव्हतं. त्या दिवशी उघडीप होती, कडक ऊन पडलं होतं. मी दार उघडलं, त्याला आत घेतलं, आणि काम किती पक्कं झालंय ते दिसावं म्हणून दार लावून घेतलं. पूर्ण काळोख. तो काही बोलेना. मला वाटलं, दम लागला असेल.

"एक थेंब येणार नाही आता," मी म्हणालो.

"न्हाई येनार," तो म्हणाला. मग, "लय मन लावून केलंस रे."

काळोखात त्याचा हात चाचपडत आला आणि माझ्या खांद्यावर टेकला. मला तो आभार वाटला. घरी येऊन मी बायकोला सांगितलंही, आज फार बरं वाटलं म्हणून.

त्याची-माझी शेवटची भेट दसऱ्यानंतरची. तो खाटेवर, पाय उशीवर उंच करून ठेवलेले. म्हणाला, "आमचं झालं वाजवून. शेवटचं बी झालं." मी म्हणालो, "ऐकलं मी सगळं. मुजीबने पाठवलं होतं. उत्तम झालंय." मुजीबने काहीही पाठवलं नव्हतं. आजारी माणसाला बरं वाटावं, एवढाच हेतू होता असं मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं आहे. संघाने माझ्याकडे नीट बघितलं. "समदं ऐकलंस?" "सगळं." "शेवटचं बी?" "हो, शेवटचंही." त्याने डोळे मिटले. ओठ थोडे हलले, हसल्यासारखे. "मग बरं हाय," म्हणाला.

संघा गेल्यावर पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, वंदना झाली, माणसं पांगली. वनितावहिनींनी मला, मुजीबला आणि ज्ञानोबाला थांबवून घेतलं. अल्बम लोकांपुढे आणायचा हे ठरलेलंच होतं, प्रश्न शेवटच्या रचनेचा होता. मुजीबचं म्हणणं ती गाळावी, ती काही झालीच नाही, तिच्यात वाजवलेलं असं काही नाही. ज्ञानोबा नुसता खाली बघत होता. वहिनी माझ्याकडे वळल्या.

"ह्ये जायच्या आदी मला म्हणले, शेवटचं ठेवायचं का न्हाई ते सुध्याला इचार. म्हणले, त्यानं ऐकलेलं न्हाई, म्हणून त्यालाच इचार."

म्हणजे त्याला माहीत होतं. मी खाटेशी बसून खोटं बोललो तेव्हाही माहीत होतं.  काहीतरी बोलायचं म्हणून मी मुजीबला विचारलं, "झालीच नाही म्हणजे काय?"

"ऱ्हाऊ द्या, सर."

"सांग."

तो वहिनींकडे बघून बोलायला लागला, माझ्याकडे नाही. सगळे नियम मला त्याने तेव्हा सांगितले, फरशीचे, ढगाचे. मग म्हणाला, "मी परत आलो तं आत समदा अंधार. मी म्हणलो, भाऊ, डांबर खरडून काढतो, अर्ध्या तासाचं काम हाय. भाऊ म्हणले, नको. सुध्यानं मायेनं केलंय, त्याला कळलं तं जन्मभर मनाला खात बसंल. मी म्हणलो, मग सुरू कसं करायचं, कवडसाच न्हाई. तं हसले. म्हणले, ढग आलाय असं समजू. नियम हाय ना आपला? धरा स्वर. मग धरला, सर. आमचे हात गळाले. ज्ञानोबाचा भाता आदी थांबला, मग माझी बोटं. भाऊ एकटेच उभे होते. त्यांना उभं ऱ्हायचं बी बळ नव्हतं."

 आत कुकरची शिटी झाली आणि वहिनी उठून गेल्या. मला संघाचा राग आला, हे लिहून ठेवतो. त्याने मला एक सणसणीत शिवी द्यायला हवी होती. गोदामातच, काळोखातच, खांद्यावर हात ठेवण्याऐवजी. मी त्याच दुपारी वर चढलो असतो. मला दुखवायचं नाही म्हणून त्याने आपलं अख्खं आकाश तसंच बुजलेलं राहू दिलं, आणि मला त्याच्या या मायेचा पत्तासुद्धा लागू दिला नाही... पण रागही फार टिकत नाही. शिवी द्यायला समोरचा माणूस जवळ यावा लागतो. मी तीन वर्षांत एकदाही जवळ गेलो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुजीबने गोदामात स्पीकर लावून दिले आणि तो बाहेर थांबला. मी सतरंजीवर बसलो. सहाही रचना ऐकल्या. ज्याला मी गोंगाट समजत होतो तो कुठे कुठे होताही. 'धुरळा'मध्ये ताशा आणि गिटार असे काही एकमेकांवर कोसळतात की छातीत हादरे बसतात. पण मग सगळं पातळ होत जातं, एकेक आवाज लांब जातो, आणि त्या लांब गेलेल्या आवाजांच्या मध्ये जी जागा उरते ती ऐकू यायला लागते. दुसरं कसं सांगावं मला कळत नाही. एसटीत मी बंद केलेली गुणगुण आली. या वेळी बंद केली नाही. ती संपते तिथे पेटीचा एक स्वर इतका हलकेच उगवतो की मला, त्या काळोखात बसलेल्याला, समोरच्या फरशीवर उजेड परत आला असं वाटून गेलं. तसं काहीच नव्हतं. माझ्यासमोर मीच केलेला काळोख होता.

मग 'परत' सुरू झाली. एकच स्वर. भात्याचा घरघर आवाज, ताशावर नखं. फार वेळाने भाता थांबतो. आणखी वेळाने नखं थांबतात. गिटार तेवढी राहते. मधे खोकला येतो, स्वर डगमगतो, पुन्हा सरळ होतो. आणि अगदी शेवटाकडे, यंत्रापासून थोडा लांबून, संघाचा आवाज. अख्ख्या अल्बममध्ये माणसाचा आवाज आहे तो तेवढाच.

"आला का रे?"

"न्हाई, भाऊ. अजून न्हाई."

त्यानंतरही स्वर चालू आहे. किती वेळ ते मी मोजलं नाही.

बाहेर येऊन मी मुजीबला सांगितलं, ती ठेवायची. काहीही कापायचं नाही, खोकला नाही, बोलणं नाही. मग शिडी मागवली. मुजीब म्हणाला, पत्रेवाल्याला बोलावू, तुमी पडसाल. पण मीच चढलो. वरून सगळे डांबराचे ठिपके सारखेच दिसतात, खालची फरशी कुठे आहे काही अंदाज लागत नाही. खिळा आणि हातोडी घेऊन मी एकेक ठिपका खरवडू लागलो. डांबर चिवट, चिंध्या आत घट्ट बसलेल्या. मी किती मन लावून काम करून घेतलं होतं ते मला आता कळत होतं. काही भोकं मुळीच उघडेनात, काहींच्या कडा फाटल्या. खाली, दार लावून, वहिनी उभ्या होत्या. त्यांनी आपणहून म्हटलं होतं, मी सांगते कुठं उजेड येतो ते. बराच वेळ खालून काही नाही. मग पत्र्याखालून त्यांचा आवाज आला, "आला! भाऊजी, आला!" पुढे थोड्या वेळाने, "अजून एक... भिंतीकडं." त्या सांगायच्या थांबल्या नाहीत.

सगळी भोकं उघडली नाहीत. निम्मी असतील. पावसाळ्यात त्यांतून पाणी येईल, यंत्रं आता वहिनींच्या घरी हलवली आहेत. गोदामाची एक चावी मुजीबकडे आहे. ज्याला अल्बम ऐकायचा असेल त्याला तो दुपारी तिथे बसवतो, आणि 'परत' संपली की लगेच दार उघडत नाही.

मीही सुट्टीच्या दिवशी जातो. स्पीकर लावत नाही, नुसता बसतो. मी खिळ्याने फाडलेलं एक भोक दाराच्या वरच्या बाजूला आहे, अगदी वेडंवाकडं, एका अंगाला चिरलेलं. त्याच्यातून पडणारा कवडसा खाली फरशीवर गोल पडतो, गोलच. काल तो रेघेच्या अलीकडे होता तेव्हा मी जाऊन बसलो. तळहात पुढे केला. ऊन हातावर आलं, थोडा वेळ राहिलं, आणि हात न हलवताही बोटांवरून हळूहळू पलीकडे उतरून गेलं. रेघ अजून चार बोटं लांब होती. मी उठलो नाही.